व्हॉयेजरचा 'थ्रेशोल्ड' परत पाहिला, आणि पाल होईपर्यंत चक्क आवडला!

अर्धविराम (धागाकर्ती)

गेले दोन महिने मी 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' पहिल्यापासून परत बघतेय. नियम एकच, कुठलाही भाग गाळायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या सीझनचा पंधरावा भाग समोर आला तेव्हा पळवाट नव्हती. जाणकारांनी ओळखलं असेलच. 'थ्रेशोल्ड'. हो, तोच. पालीचा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (रहस्यभेद आहे, पण २९ जानेवारी १९९६ ला दाखवलेल्या भागाचं रहस्य अजून किती जपायचं?). व्हॉयेजर हे जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, परतायला ७५ वर्षं लागणार. अशात एका लघुग्रहावर नव्या जातीचं डायलिथियम (इंजिनात लागणारे स्फटिक) मिळतं आणि जहाजावरचे टॉम पॅरिस, हॅरी किम आणि बिलाना टॉरेस वॉर्प १० गाठायचा घाट घालतात. वॉर्प म्हणजे या मालिकांतली प्रकाशापेक्षा जास्त वेगाची मोजपट्टी, वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, आणि त्या वेगात तुम्ही एकाच क्षणी विश्वात सगळीकडे असता. टॉम जातो, परत येतो, आणि मग त्याचं शरीर बदलू लागतं. डॉक्टरचं निदान असं, की माणसाची पुढच्या लाखो वर्षांची उत्क्रांती याच्या अंगात एका दिवसात उरकतेय. शेवटी टॉम कॅप्टन जेनवेला पळवतो, दोघं पुन्हा वॉर्प १० ने निघून जातात, आणि तीन दिवसांनी सापडतात तेव्हा दोघांच्याही पाली झालेल्या असतात. पिल्लांसकट. डॉक्टर दोघांना परत माणसात आणतो, पिल्लं तिथेच राहतात, भाग संपतो.

असं लिहून काढलं की मलाच हसू येतं. मी हसायच्या तयारीनेच बसले होते. पण पहिला अर्धा तास मी फोनला हात लावला नाही.

एक तर टॉम. हा अ‍ॅडमिरलचा मुलगा. लहानपणापासून सगळ्यांनी याला 'हा मोठा होऊन नाव काढणार' असं ऐकवलेलं. आणि त्याने काय केलं, तर अपघात, त्याबद्दल खोटं बोलणं, हकालपट्टी, तुरुंग. उड्डाणाच्या आदल्या रात्री जेनवे त्याच्या खोलीत येते आणि सांगते, की मेंदूत रक्तस्राव होण्याची दोन टक्के शक्यता डॉक्टरला दिसतेय, उद्या तुझ्याऐवजी हॅरी जाईल. त्यावर टॉम जे बोलतो तिथे रॉबर्ट डंकन मॅकनीलने आवाज चढवलेला नाही. त्याला कीर्तीपेक्षा स्वतःच्या फायलीत लाल शेऱ्यांच्या समोर एक तरी बरी ओळ हवीय. त्याआधी जेनवेने त्याचं नाव ऑरव्हिल राइट, नील आर्मस्ट्राँग आणि (मालिकेच्या विश्वात वॉर्प शोधणारा) झेफ्रम कॉक्रेन यांच्या पंगतीत नेऊन बसवलेलं असतं, म्हणून ते दोन टक्के आणखी बोचतात.

आणि मग सिकबे, म्हणजे जहाजावरचा दवाखाना. हा भाग मी विसरलेच होते. परत आल्यावर त्याला आधी पाण्याचीच अ‍ॅलर्जी निघते. मग ऑक्सिजन सोसेना. डॉक्टर त्याला वेगळ्या हवेच्या क्षेत्रात ठेवतो. तो मरतो, त्याच्या मृत्यूची नोंद होते, आणि रात्री उठून बसतो तेव्हा केस गळालेले आणि छातीत दोन हृदयं. मग कातडी सुटू लागते, जीभ गळून पडते. आणि या सगळ्यात तो बोलत राहतो. घटकेत गयावया, घटकेत जेनवेवर खेकसणं, लगेच माफी. आजारी माणसाजवळ रात्री जागलेल्याला ते ओळखीचं वाटेल. डॉक्टर होलोग्राम आहे, त्याला पापणी न हलवता बघता येतं. आपल्याला येत नाही.

तर माझं म्हणणं असं, की 'थ्रेशोल्ड' पालीमुळे बिघडलेला नाही. तो बिघडतो पालीनंतरच्या पाच मिनिटांत. एका माणसाने सगळं विश्व एका क्षणात पाहिलं, तो मेला, परत उठला, माणूसपण हरवून बसला, आणि शेवटी दोघं शेजारशेजारच्या खाटांवर बसून ओशाळं हसतात आणि कामाला लागतात. पुढच्या भागात कुणाच्या चेहऱ्यावर ओरखडाही नाही.

मारायचं ते मारा. हेल्मेट घालून बसलेय.

शून्यप्रहर

धागा उघडताना वाटलं विडंबन असेल. तुम्ही गंभीर आहात?

हा भाग मी एकदा पाहिलाय आणि ते पुरेसं आहे. टॉमची वेदना वगैरे ठीक, पण पाया कच्चा असेल तर वरचं नक्षीकाम काय कामाचं? 'अनंत वेगाने गेल्यावर उत्क्रांती होते' या वाक्यात 'गेल्यावर' आणि 'उत्क्रांती' यांच्यामध्ये काहीही नाही. भोपळा.

बेडूकउडी

धागाकर्तीशी बऱ्याच अंशी सहमत. पण आधी एक तातडीची दुरुस्ती: पाल नव्हे हो! सॅलमँडर. पाल सरपटणाऱ्यांतली, अंगावर खवले, अंडी कोरड्यात. सॅलमँडर उभयचर, बेडकाचा चुलत भाऊ, ओलसर उघडी कातडी. पडद्यावरचा प्राणी चिखलात लोळतो आणि पाण्याच्या कडेने पिल्लं घालतो, म्हणजे उभयचरच.

उत्क्रांतीबद्दल संध्याकाळी सविस्तर टंकते.

अर्धविराम

बेडूकउडी, नोंद घेतली. पण शीर्षकात 'सॅलमँडर होईपर्यंत' ला तो ठसका नाही. पाल राहू दे.

शून्यप्रहर, पाया कच्चा आहे हे मान्यच. पण याच मालिकेत पाया पक्का असलेले भाग बोटांवर मोजता येतील. माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा पाया कुठे पक्का आहे?

गल्लत_गणित

विषय वॉर्पचा निघालाय तर आकडे मांडतोच, राहवत नाही.

'नेक्स्ट जनरेशन' या व्हॉयेजरच्या आधीच्या स्टार ट्रेक मालिकेपासूनच्या मोजपट्टीत वॉर्प ९ पर्यंत सूत्र असं: वॉर्पचा आकडा घ्या, त्याचा १०/३ हा घात करा, तेवढ्या पट प्रकाशाचा वेग. वॉर्प ८ म्हणजे बरोबर १०२४ पट. वॉर्प ९ म्हणजे साधारण १५१६ पट. ९ च्या पुढे आलेख वर वळवलाय, असा की १० ला तो अनंताला भिडतो. मूळ १९६६ च्या मालिकेत साधा घन होता, त्यामुळे तिथे एन्टरप्राइज (त्या मालिकेतलं जहाज) एकदा वॉर्प १४.१ ला पोचलेली आहे आणि कुणी बेडूक झालेलं नाही.

आता गंमत. ७०,००० प्रकाशवर्षं ७५ वर्षांत, म्हणजे सरासरी ९३३ पट. हा तर वॉर्प ८ पेक्षाही कमी वेग झाला! व्हॉयेजरची जाहीर कमाल ९.९७५ आहे. नुसत्या वॉर्प ९ ने गेले तरी ४६ वर्षांत घरी. म्हणजे हे लोक अनंत वेगाच्या मागे लागण्याआधी आहे तो वेग नीट वापरत नव्हते.

आणि 'थ्रेशोल्ड'ची पटकथा लिहिणारे ब्रॅनन ब्रागा 'नेक्स्ट जनरेशन'च्या १९९४ च्या शेवटच्या भागाचेही सहलेखक. त्या भागातल्या भविष्यकाळात जहाजं बिनदिक्कत वॉर्प १३ ने धावतात. चाहत्यांनी मग 'भविष्यात मोजपट्टी बदलली असेल' अशी ठिगळं लावली.

रात्रपाळी

७५ वर्षांत इंजिन थंड करायला, सामान भरायला, परग्रहवासीयांशी भांडायला थांबावं लागतं ना भाऊ. सरासरी ती सरासरी.

माझा प्रश्न वेगळा. त्यांच्याकडे वॉर्प १० आहे. त्यांच्याकडे उतारा आहे, डॉक्टरने दोघांना ठणठणीत करून दाखवलंय. मग सगळ्यांनी जायचं, घरी पोचायचं, डॉक्टरने एकेकाला परत माणूस करायचं. दीडशेच्या आसपास माणसं आहेत. आठवड्याभराचं काम. संपली मालिका.

याचं उत्तर त्या भागात नाही आणि पुढच्या पाच सीझनमध्ये कुणी विचारतही नाही. मला पालीपेक्षा हे जास्त छळतं.

गल्लत_गणित

रात्रपाळी, त्याहून मोठी अडचण थांबण्याची आहे. अनंत वेगाने तुम्ही सगळीकडे आहात, तर इंजिन बंद केल्यावर नेमके कुठे उतरणार? सगळ्या विश्वातून टॉम पहिल्यांदा उतरतो तो जहाजाच्या बाजूला. दुसऱ्यांदा भान हरपलेल्या अवस्थेत उतरतो तो तीन दिवसांच्या अंतरावर. अख्खं विश्व हिंडून हा गडी दोन्ही वेळा घरच्या अंगणातच!

शून्यप्रहर

आता कसं बोललात!

आणि वॉर्पमागे निदान काहीतरी विचार आहे. मिगेल अल्कुबिएरे यांचा १९९४ चा शोधनिबंध आहे. यान हलवायचं नाही, यानाभोवतीचं अवकाशच पुढे आक्रसायचं आणि मागे फुलवायचं. त्याला ऋण ऊर्जा लागते जी कुणाकडे नाही, पण गणित उभं राहतं. 'थ्रेशोल्ड'च्या दोन वर्षं आधीची गोष्ट. लेखकांनी त्याच्या आसपास जरी घुटमळलं असतं तरी मी चूप बसलो असतो.

जुनी_कॅसेट

पडद्यामागचं थोडं. कथा मायकल डी लुका यांची, तेव्हा ते न्यू लाइन सिनेमात निर्मितीचे प्रमुख होते. पटकथा ब्रागा, दिग्दर्शन अलेक्झांडर सिंगर. ब्रागांनी पुढे स्वतःच या भागाची भरपूर नाचक्की केली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार उत्क्रांतीमागची कल्पना समजावणारा भाग पुनर्लेखनात त्यांच्याच हातून कापला गेला. उत्क्रांती म्हणजे वर वर चढणं नव्हे, असं काहीसं त्यांना म्हणायचं होतं.

हेच ब्रागा १९९४ मध्ये 'नेक्स्ट जनरेशन'साठी 'जेनेसिस' लिहून बसले होते. त्यात सगळं जहाज उत्क्रांतीत मागे घसरतं, बार्कली नावाच्या अधिकाऱ्याचा कोळी होतो. म्हणजे दोन वर्षांत माणसाला आधी मागे ढकललं, मग पुढे. दोन्हीकडे शेवटी प्राणीच!

आणि हे माहीत नसेल तर ऐका. या भागाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळालाय. १९९६, मालिकेतल्या रंगभूषेसाठी. मालिकेतला सगळ्यात कुप्रसिद्ध भाग आणि भिंतीवर एमी. धागाकर्तीला सिकबेचे प्रसंग भिडले असतील तर त्यात मायकल वेस्टमोर आणि त्यांच्या चमूचा मोठा वाटा आहे. कातडी पातळ होत जाते, शिरा दिसू लागतात, प्रत्येक प्रसंगात एक पायरी पुढे. आताच्या संगणकी करामतीत ते वजन येत नाही.

अर्धविराम

एमीचं माहीत नव्हतं! आता परत बघताना तेच बघेन. मॅकनीलचे डोळे शेवटपर्यंत त्याचेच ठेवलेत, हे मात्र तेव्हाही जाणवलं होतं. चेहरा कुठल्या कुठे गेलाय आणि त्यातून टॉम बघतोय.

बेडूकउडी

आले. बसा, वेळ लागेल.

पहिली आणि मोठी चूक: एका प्राण्याची उत्क्रांती होत नाही. उत्क्रांती होते समूहाची, पिढ्यांमागून पिढ्या. कुणाला किती पिल्लं झाली, त्यातली किती जगली, यावरून पुढच्या पिढीत कुठली जनुकं जास्त दिसतात एवढाच तो हिशोब. टॉमला सिकबेत झोपवून ठेवलं तर त्याच्या अंगात उत्परिवर्तनं होऊ शकतील, उत्क्रांती नाही. कारण निवड करणारं काही तिथे नाहीच. कसली स्पर्धा, कसलं हवामान?

दुसरी चूक: डॉक्टर बोलतो ते जणू पुढची लाखो वर्षं आधीच लिहून ठेवली आहेत आणि टॉमने फक्त पानं भराभर उलटली. पुढचं काही लिहिलेलं नसतं. परिस्थिती बदलली की दिशा बदलते.

आता धागाकर्तीच्या बाजूने. 'प्रगत माणूस म्हणजे मोठं डोकं आणि तेजाचा गोळा' या ठरीव चित्रापेक्षा सॅलमँडर मला जास्त प्रामाणिक वाटतो. लोक हसतात ते 'एवढं करून शेवटी हे?' म्हणून. पण निसर्गात हे रोज चालतं. अंधाऱ्या गुहांमधल्या मेक्सिकन टेट्रा माशांनी डोळे टाकून दिले. पट्टकृमीने आख्खं आतडं टाकलं, यजमानाच्या आतड्यात पडून राहायचं तर स्वतःचं कशाला? समुद्रस्पंजासारखा दिसणारा सी स्क्वर्ट डिंभ असताना पोहतो, त्याला पृष्ठरज्जू असते, इवलासा मेंदू असतो. एकदा खडकाला चिकटला की ते सगळं मोडीत काढतो. यातलं कुणीही मागासलेलं नाही. जगतायत, पिल्लं घालतायत, झालं.

जुनी_कॅसेट म्हणतात तो कापलेला भाग हाच असेल तर फार मोठं नुकसान झालं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. डॉक्टरच्या तोंडी शोभलंही असतं.

आणि आता माझं आवडतं अवांतर. अ‍ॅक्सोलॉटल नावाचा सॅलमँडर आहे, मेक्सिकोतला. हा मोठाच होत नाही. कल्ले बाहेर, कायम पाण्यात, बालरूपातच वयात येतो आणि बालरूपातच पिल्लं घालतो. १८६४ मध्ये काही अ‍ॅक्सोलॉटल फ्रान्समध्ये आणले गेले. ऑग्युस्त ड्युमेरिल या प्राणिशास्त्रज्ञाने ते पाळले. पुढच्या वर्षी त्यांच्या पिल्लांतल्या काहींचे कल्ले गळाले, रंग बदलला आणि ते जमिनीवरचे सॅलमँडर झाले. ड्युमेरिल चक्रावला. एकाच जिवात दोन वेगळे प्राणी दडलेले? पुढे कळलं की सगळा खेळ थायरॉइडच्या संप्रेरकाचा आहे. बाहेरून दिलं की रूपांतर होतं.

हे सगळं घडलं कुठे, सांगा? पॅरिसमध्ये.

रात्रपाळी

लोल! पॅरिसमध्ये सॅलमँडर. आता मी हा भाग त्याच नावाने ओळखणार.

जुनी_कॅसेट

बेडूकउडी, प्रतिसाद खूण करून ठेवला.

एक शंका. 'नेक्स्ट जनरेशन'मध्येच १९९३ चा 'द चेस' आहे. त्यात उघड होतं, की अब्जावधी वर्षांपूर्वीच्या एका प्राचीन जमातीने ग्रहाग्रहांवरच्या आदिम जीवनात स्वतःचा साचा पेरला, म्हणून मानव, क्लिंगन, कार्डासियन सगळे दोन हातांचे दोन पायांचे. म्हणजे त्या विश्वात उत्क्रांतीला खरंच आराखडा आहे. मग डॉक्टरचं 'पुढचं लिहिलेलं आहे' हे त्या विश्वापुरतं चालून जाईल का?

बेडूकउडी

वकिली छान आहे. चालेल. पण मग आराखडा आखणाऱ्यांचं अंतिम ध्येय चिखलात लोळणं होतं, हे मान्य करावं लागेल. मला चालेल. त्यांना चालेल का विचारा.

निमूट

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सगळे विज्ञानावर तुटून पडलेत, त्यामुळे एक गोष्ट तशीच ओलांडून धागा पुढे सरकतोय.

टॉम जेनवेला बेशुद्ध करून पळवतो. तिच्या इच्छेविरुद्ध तिचं शरीर बदलतं. तिला पिल्लं होतात. शुद्धीवर आल्यावर दोघांनाही धड काही आठवत नाही. आणि शेवटी हा सगळा प्रकार कशावर नेलाय, तर पुढाकार नर घेतो की मादी या विनोदावर. तो विनोद जेनवेच्याच तोंडी घातलाय. म्हणजे जिच्यावर गुदरलं तिनेच वातावरण हलकं करायचं, समोरच्याला अवघडायला नको म्हणून. तो तिच्या हाताखालचा माणूस आहे आणि उद्या सकाळी त्याच्या शेजारी बसून तिला जहाज चालवायचंय.

जेनवे साकारणारी केट मल्ग्रू हा प्रसंग असा करते की क्षणभर वाटतं, तिला वेगळं काही म्हणायचं होतं. मी परत परत पाहिलंय. संवाद संपल्यावर ती लगेच हसत नाही. पण ते माझं वाचन झालं. लिहिणाऱ्यांनी तसं लिहिलेलं नाही.

टॉमला भान नव्हतं, तो दोषी नाही, हे मान्य. तरी त्याला धक्का बसायला हवा होता. अर्धविराम म्हणतात तो ओरखडा.

अर्धविराम

निमूट, हे मी लिहायला हवं होतं. मी 'ओशाळं हसतात' म्हणून दोन शब्दांत उरकलं आणि तुम्ही नेमकं तेच उसवून दाखवलंत. टॉमची गोष्ट म्हणून बघत होते, त्यामुळे जेनवेकडे माझंही दुर्लक्ष झालं. त्या मालिकेचंच झालं तसं.

शून्यप्रहर

निमूट यांच्याशी पूर्ण सहमत. आणि यामुळे धागाकर्तीचा मुद्दा पहिल्यांदाच थोडा पटला. विज्ञान बिघडलं म्हणून मी चिडत होतो, पण असलंच बिघडलेलं विज्ञान मी इतरत्र खपवून घेतोच.

'ट्युव्हिक्स' घ्या. त्याच सीझनमधला, मे १९९६. ट्रान्सपोर्टरमधून जहाजावरचे ट्युव्हॉक, नीलिक्स आणि एक ऑर्किड एकत्र येतात आणि तिघांचा मिळून एक माणूस बाहेर पडतो. एक ऑर्किड! कल्पना म्हणून हे पालीच्या वरचढ हास्यास्पद आहे. पण शेवटी ट्युव्हिक्स जगू द्या म्हणून विनवतो, डॉक्टर हात लावायला नकार देतो, आणि जेनवे स्वतः त्याला संपवून दोघांना परत आणते. मग ती एकटी बाहेर पडते, चेहरा दगड. कुणी विनोद करत नाही. इतकी वर्षं झाली तरी तिने केलं ते बरोबर की खून, यावर लोक एकमेकांची डोकी फोडतायत.

तीनच महिन्यांचं अंतर, तीच माणसं, तसलाच खुळा पाया. फरक शेवटच्या पाच मिनिटांचा.

अर्धविराम

मला हेच म्हणायचं होतं आणि ते माझ्याच विरोधकाने मांडलं. आभारी आहे. :)

रात्रपाळी

विरोधक फितूर झाल्याची नोंद घ्यावी.

फितुरीवरून आठवलं, व्हॉयेजरवरचा मायकल जोनास! 'थ्रेशोल्ड'मध्येच तो गुपचूप वॉर्प १० ची माहिती केझॉन टोळीला पाठवतो. म्हणजे अनंत वेगाचं तंत्र शत्रूच्या हातात. आणि पुढे? ठणठणपाळ. एकही केझॉन सॅलमँडर झालेला दिसत नाही. निदान त्यावर तरी एक भाग करायचा. मी रांग लावून पाहिला असता.

बेडूकउडी

केझॉन त्या केसांसकट सॅलमँडर. डोळ्यांसमोर आलं. दिवे घ्या.

गल्लत_गणित

एक चांगली गोष्ट मीही कबूल करतो. नीलिक्सवाला प्रसंग. तिघं अडलेत, कारण सिम्युलेशनमध्ये प्रत्येक वेळी नॅसेल्स (बाजूचे इंजिनाचे नळे) शटलपासून, म्हणजे त्या छोट्या यानापासून, तुटतात. इंजिनचं काही न कळणारा नीलिक्स मध्ये तोंड घालून आपली जुनी कहाणी लावतो, आणि बोलता बोलता यांना उलगडतं, की नॅसेल्स शटलपासून तुटत नाहीत, शटल नॅसेल्सपासून तुटतंय. दोन्हींचा वेग वेगळा पडतोय. अडलेलं गणित माझंही बहुतेक वेळा असंच सुटलंय. भलत्याच माणसाला समजावताना.

त्या शटलचं नावही कॉक्रेन आहे, बाय द वे.

जुनी_कॅसेट

टॉम-जेनवेला शोधायला गेलेल्या चकोटे आणि ट्युव्हॉक यांना विसरू नका. चिखलातले ते दोन प्राणी बघून चकोटे कबूल करतो की यातली कॅप्टन कोणती ते मला कळत नाही. ट्युव्हॉकच्या मते मादी, उघडच आहे. मग चकोटेला प्रश्न पडतो की हे जहाजाच्या नोंदवहीत लिहू कसं, आणि ट्युव्हॉक म्हणतो, मी वाचायला उत्सुक आहे. ट्युव्हॉक साकारणाऱ्या टिम रस यांनी हे ज्या थंडपणे म्हटलंय त्याला तोड नाही.

हा विनोद मला चालतो. निमूट यांना खटकणारा आणि हा, यांत फरक आहे. हे दोघं बाहेरून बघतायत.

निमूट

हो, यावर मीही हसते. ज्याच्यावर बेतलं नाही त्याने चक्रावून जाणं साहजिक आहे.

अर्धविराम

मूळ लेखात राहून गेलेलं एक. परत आल्यावर टॉमला विचारतात, काय पाहिलंस? तो सांगतो, की तो एकाच वेळी सगळीकडे होता. व्हॉयेजरवरचे लोक त्याला शोधताना दिसले, पृथ्वी दिसली, केझॉन दिसले. हे सांगताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा होतो. आणि मग ते वाक्य कुणी पुन्हा उचलतच नाही. शेवटी खाटेवर बसलेल्या टॉमला एकाने तरी विचारायला हवं होतं, की ते अजून आठवतं का. सगळं विश्व. उत्तर 'नाही' असतं तरी चाललं असतं, 'हो' असतं तर जास्तच.

शून्यप्रहर

काल रात्री पाहिला. हो, पाहिला. या धाग्यामुळे.

उड्डाणाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग चांगला आहे, मान्य. जीभ पडते तिथे मी थांबवून पाणी प्यायलो आणि पिताना त्याची अ‍ॅलर्जी आठवून उगाच घसा खाजला. टॉम जेनवेवर ओरडतो आणि लगेच 'जाऊ नका' म्हणतो, तिथे मी हरलो. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत असंच होतं. ओरडायचे, आणि आपण उठलो की हात धरायचे.

तो कोंडी फोडून निघतो, जेनवेपर्यंत पोचतो, आणि तिथे मी बंद केला. पुढचं पाहिलं नाही. पाहणारही नाही. माझ्यापुरता भाग तिथेच संपला.

रात्रपाळी

म्हणजे तुमच्यापुरती पिल्लं झालीच नाहीत?

शून्यप्रहर

नाहीत.

बेडूकउडी

झाली हो. तीन.